गाडी घ्यायची ती रोजच्या रस्त्यासाठी

"कोणती गाडी घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, गेल्या महिन्यात तुमची गाडी कुठे कुठे गेली? उत्तर बहुतेकांचं सारखंच असतं. घर ते ऑफिस, मुलांची शाळा, बाजार, रविवारी कुणाकडे तरी जाणं. गाडीत एक माणूस, फार तर दोन. आणि मनात भरलेली असते सात सीटची, उंच, दोन टनांच्या आसपासची एसयूव्ही. का, तर वर्षातून एकदा सगळे मिळून फिरायला जातो. त्या चार दिवसांसाठी उरलेले 361 दिवस एवढं धूड गल्लीबोळांतून फिरवायचं, पार्किंगला जागा शोधत बसायचं, हे मला पटत नाही. त्या चार दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घ्या.

मला लहानपणापासून गाड्यांचं वेड आहे आणि इतक्या वर्षांनी माझं एक मत पक्कं झालंय: वजन हा गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू. वजन वाढलं की मोठं इंजिन लागतं, मोठे ब्रेक लागतात, रुंद टायर लागतात, आणि हे सगळं बसवलं की वजन आणखी वाढतं. 1959 ची मूळ मिनी बघा. लांबी जेमतेम 3 मीटर. तिचे डिझायनर अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली घातला, चाकं चार कोपऱ्यांना नेली आणि एवढ्याशा गाडीत चार मोठी माणसं बसवली. 1989 ची माझदा एमएक्स-5 ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार घ्या. 1.6 लिटरचं साधं इंजिन, वजन टनाच्या आत, आणि ती चालवण्यातल्या आनंदाचं लोक आजही नाव काढतात.

उंच गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज तर डोक्यातून काढायलाच हवा. गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर ती जास्त कलते, आणि बॉनेटच्या अगदी पुढे उभं असलेलं लहान मूल दिसत नाही. रस्ता खरोखरच खड्ड्यांचा असेल किंवा गुडघे दुखत असतील, तर उंच गाडी जरूर घ्या, ते योग्य कारण आहे. पण "रुबाब पडतो" हे कारण नाही.

डिझेलचा धडा मी स्वतः गिरवलाय. टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढण्याच्या जोराच्या प्रेमात पडून मोठी डिझेल घेतली आणि रोज पाच-सहा किलोमीटर चालवली. आधुनिक डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. त्यातली काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी सलग वेगात चालावी लागते. माझी कधी तापायचीच नाही. फिल्टर सारखा तुंबायचा, डॅशबोर्डवर दिवा लागायचा आणि मी काजळी जाळण्यासाठी म्हणून रात्री हायवेवर चक्कर मारून यायचो. दोष गाडीचा नव्हता, निवड चुकली होती. रोजचं अंतर इतकं कमी असेल तर पेट्रोल, हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) किंवा इलेक्ट्रिक बघा. सिग्नलला थांबत-थांबत जाण्यात हायब्रिड आणि इलेक्ट्रिक सगळ्यात सरस, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा त्या बऱ्याच प्रमाणात बॅटरीत परत घेतात.

आता टायर. यावर मी तासभर बोलू शकतो. रस्त्याला टायर टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. असे चार तळहात, बस. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा), एअरबॅग सगळं मोजून घेणारे लोक या चार तळहातांकडे ढुंकूनही बघत नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानुसार कडक होतं. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा, आणि किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बघा. टायरवर लिहिलेला आकडा हा कमाल दाब असतो, तेवढी हवा भरायची नसते.

चालवण्याबद्दल म्हणाल तर जो पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून जातो, त्याला मी चांगला ड्रायव्हर मानत नाही. ताशी 72 किलोमीटरला गाडी सेकंदाला 20 मीटर जाते. तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच साधारण तेवढं अंतर गेलेलं असतं. आणि 60 वरून 80 वर गेलात की गाडीच्या वेगातली ऊर्जा पावणेदोन पटींच्याही वर जाते, ती सगळी ब्रेकनाच जिरवायची असते. मला खरा आनंद ताशी तीसलाही मिळतो. लांबचा सिग्नल लाल दिसला की पाय आधीच उचलायचा, आणि गाडी थांबायच्या अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक किंचित सैल करायचा, म्हणजे शेजारच्याची मान हलत नाही. हे जमलं त्या दिवशी मी घरी खुशीत येतो.

शेवटचं, टेस्ट ड्राइव्हबद्दल. शोरूमबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून गाडी कळत नाही. तुमच्या रोजच्या रस्त्यावर न्या, ऐन गर्दीच्या वेळी. मागच्या सीटवर स्वतः बसून बघा. एसीचा वेग रस्त्यावरची नजर न काढता बदलता येतो का बघा. त्यासाठी स्क्रीनवर तीनदा बोट लावावं लागत असेल तर ती गाडी मी तरी घेणार नाही. आणि परत येताना तुमच्या नेहमीच्या पार्किंगमध्ये ती रिव्हर्सने लावून बघा, कॅमेरा झाकून.