‘प्रिपोझिशननंतर नेहमी हूम’: एका फॉरवर्डचा समाचार

परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर ‘इंग्रजीचे चार सोनेरी नियम’ हमखास फिरू लागतात. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन (‘इन’, ‘टू’, ‘आफ्टर’सारखा शब्द) नको; प्रिपोझिशननंतर माणसासाठी नेहमी ‘हूम’; ‘हूज’ फक्त माणसांसाठी; ‘विच’च्या जागी ‘दॅट’ कुठेही चालतं. चारातला एकही नियम लिहिलाय तसा टिकत नाही.

पहिला नियम सर्वांत जुना. इंग्रज कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सनच्या ओळींतले असे शेवट चूक ठरवले आणि पुढे स्वतःच्या जुन्या लेखनातूनही ते वेचून काढले. बिशप रॉबर्ट लोथच्या १७६२च्या व्याकरणाचा दाखला देतात, पण त्याने बंदी घातलेलीच नाही. बोलण्यात हे रुळलेलं आहे, गंभीर लेखनात प्रिपोझिशन पुढे घेतलेलं बरं, एवढंच तो म्हणतो. आणि हे सांगताना त्याचंच उपवाक्य ‘टू’वर संपतं! १९२६मध्ये इंग्रजीच्या वापरावरचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने तर या नियमाला चक्क अंधश्रद्धा म्हटलं. आपल्याला तो चटकन पटतो, कारण मराठीत ‘ज्याच्याबरोबर’मधलं ‘बरोबर’ सुटं पडून मागे राहूच शकत नाही. इंग्रजीत राहतं. कधी राहावंच लागतं: ‘द चिल्ड्रन शी लुक्स आफ्टर’ हे सरळ वाक्य ‘द चिल्ड्रन आफ्टर हूम शी लुक्स’ केलं की वाचणारा अडखळलाच. उलट ‘ड्युरिंग’सारखं प्रिपोझिशन मात्र पुढेच शोभतं: ‘द मीटिंग ड्युरिंग विच ही स्लेप्ट’.

दुसरा नियम अर्धा खरा. ‘द टीचर टू हूम आय रोट’ अगदी बरोबर. पण ‘गिव्ह इट टू हूएव्हर कम्स फर्स्ट’ इथे ‘टू’ पाहून ‘हूमेव्हर’ लिहिलं की फसलात. ‘टू’चा संबंध पुढच्या अख्ख्या उपवाक्याशी आहे, आणि त्या उपवाक्यात ‘कम्स’चा कर्ता ‘हूएव्हर’च आहे. ‘वी आर्ग्यूड अबाउट हू शुड पे’चंही तेच. मागचं प्रिपोझिशन बघून भागत नाही, पुढच्या क्रियापदाचा कर्ता शोधावा लागतो.

तिसऱ्यावर फार शाई नको. ‘द ट्री इन हूज शेड वी सॅट’ हे निर्दोष इंग्रजी आहे, आणि झाड काही माणूस नव्हे.

मार्क जातात ते चौथ्यापायी. ‘द हाउस दॅट आय लिव्ह इन’ चालतं, ‘द हाउस आय लिव्ह इन’ तर त्याहून सुटसुटीत. पण प्रिपोझिशन पुढे आणलं की ‘दॅट’ बाद: ‘द हाउस इन विच आय लिव्ह’च लिहावं लागतं. आता गंमत बघा. पहिला नियम पाळून मुलगा ‘इन’ पुढे आणतो, चौथा पाळून ‘विच’चं ‘दॅट’ करतो आणि पेपरात लिहून येतो, ‘द हाउस इन दॅट आय लिव्ह’. दोन्ही सोनेरी नियम इमानदारीत पाळून.