वेळ जात नाही, वेळ लागतो!
“घरबसल्या छान वेळ जातो ना तुझा?” पुन्हा कुणी असं विचारलं तर मी खरंच ओरडेन! हातमागावर विणणं हे माझं काम आहे, विरंगुळा नाही! काल ताण्याचे, म्हणजे उभे, ४८० धागे एकेक करून मागाच्या फणीतून ओवले. एक चुकला, की पुढचे सगळे काढून पुन्हा. मान धरली, डोळे चुरचुरले. मग रंगवणं: निळीच्या (इंडिगो रंगाच्या) पिंपातून कापड हिरवट निघतं, हवा लागली की निळं होतं. गडद छटा हवी तर तेच कितीतरी वेळा बुडवायचं. आणि म्हणे, “मशीनवर पटकन नाही का होत?” चित्रकाराला विचारता असं? ॲनी आल्बर्स या विणकर कलावतीच्या विणकामाचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९४९ सालीच भरलं, तरी अजून ‘ही कला की कलाकुसर?’ हाच घोळ! वर आणखी, “उरलेल्या धाग्यांतून मलाही एक विणून दे ना, असंच.” असंच? का म्हणून?