विरोधी पक्षनेत्याची रिकामी खुर्ची आणि २१ हजारांचा दाखला

२०२५च्या पावसाळी अधिवेशनातलं काय आठवतं, असं कुणालाही विचारून बघा. आमदार निवासातली ती डाळ आणि तिच्यावरून एका आमदाराने कँटीनच्या माणसाला दिलेला मार. विधानभवनाच्या लॉबीतली हाणामारी. विरोधकांनी पायऱ्यांवर बनियन-टॉवेल घालून केलेलं आंदोलन. शाळाप्रवेशाबद्दल, घरकुलाबद्दल किंवा निराधारांच्या अनुदानाबद्दल कुणी काय विचारलं आणि मंत्री काय म्हणाले, हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

विचारलं गेलं नव्हतं असं नाही. तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, छापील यादी रोज निघते, तातडीच्या विषयांवरच्या लक्षवेधी सूचना तर इतक्या लागतात की सकाळी लवकर खास बैठका घ्याव्या लागतात. पण त्या प्रश्नाचं पुढे काय झालं, याचा माग काढणारं कुणी नाही. आणि ज्याचं ते मुख्य काम, त्याची खुर्चीच रिकामी आहे.

नोव्हेंबर २०२४च्या निकालात उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या दहाव्या हिश्शाएवढे आमदार हवेत असं मानतात. विधानसभेच्या २८८ जागांचा दहावा हिस्सा म्हणजे २९, आणि तेवढं बळ एकाही विरोधी पक्षाकडे नाही. मार्च २०२५मध्ये ठाकरेंच्या पक्षाकडून या पदासाठी भास्कर जाधवांचं नाव दिलं गेलं, ते निर्णयाविना पडून राहिलं. विधान परिषदेत अंबादास दानवे विरोधी पक्षनेते होते, ऑगस्ट २०२५मध्ये त्यांची मुदत संपली. डिसेंबरचं नागपूर अधिवेशन उजाडलं तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता.

यावर ठरलेली प्रतिक्रिया असते: बरं झालं, एक गाडी-बंगला वाचला. शिवाय दहा टक्क्यांचा नियमच आहे म्हणतात. विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा १९७८चा कायदा काढून बघा. त्यात विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच आहे. दहा टक्के हा संकेत आहे, आणि संकेत मोडता येतात. २०१५मध्ये दिल्लीत ७० पैकी फक्त ३ आमदार असलेल्या भाजपला ‘आप’च्या काळात हे पद मिळालंच होतं.

मला मात्र हा प्रश्न पक्षाच्या मानापमानाचा वाटतच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एक घर डोळ्यांसमोर आणा. पुण्या-मुंबईकडे भाड्याच्या खोलीत राहणारी, धुणीभांडी करणारी विधवा बाई. मुलगा पहिलीत जायचाय, मुलगी बारावी झालीय, सोबत म्हातारी सासू. अशी घरं तुमच्या-माझ्या ओळखीत आहेतच. आता हिचं एक घर सरकारदरबारी किती खात्यांत वाटलं गेलंय बघा. खोलीसाठी गृहनिर्माण, पोराच्या शाळेसाठी शालेय शिक्षण, पोरीच्या कॉलेजसाठी उच्च व तंत्रशिक्षण, हिच्या लाडकी बहीण योजनेच्या दीड हजारासाठी महिला व बालविकास, सासूच्या अनुदानासाठी सामाजिक न्याय, आणि या सगळ्यांना लागणाऱ्या दाखल्यासाठी महसूल. सहा खाती, सहा मंत्री. प्रत्येक जण आपल्या तुकड्याचं उत्तर देणार. सगळे तुकडे जोडून जाब विचारायला सभागृहात ज्याला मोकळीक असते, तो उभा राहिला की अध्यक्ष त्याला बोलू देतात, तो विरोधी पक्षनेता. गाडी-बंगला गेला खड्ड्यात, त्या बाईचं हे नुकसान आहे.

तुकडे जोडले की काय दिसतं ते सांगतो. आधी ‘गरीब’ म्हणजे कोण?

आरटीईतून, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांतून, दुर्बल घटक म्हणून मुलाचा प्रवेश हवा असेल तर उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या फीमाफीसाठी ८ लाख. आणि संजय गांधी निराधार किंवा म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार. एकवीस हजार! महिन्याला १,७५० रुपये, अख्ख्या कुटुंबाचे. एवढ्यात या राज्यात कुठलंही घर चालत नाही हे दाखला मागणाऱ्याला ठाऊक असतं, सेतूतल्या पोराला ठाऊक असतं आणि सही करणाऱ्या साहेबांनाही ठाऊक असतं. तरी तोच आकडा पडतो, कारण नाही पडला तर अर्ज बाद. राज्यातल्या सगळ्यांत गरीब माणसाला योजनेच्या दारातच खोटं बोलायला लावणारी ही अट आहे.

आता याचीच पुढची पायरी. लाडकी बहीण ६५व्या वर्षापर्यंत. त्यात पिवळं-केशरी रेशनकार्ड असलं की उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. मिळतात १,५००. पासष्टी झाली की नाव गळणार आणि बाई श्रावणबाळच्या रांगेत येणार. तिथेही १,५००च. पण अट २१ हजारांची. म्हणजे काल अडीच लाखांच्या आत असल्यामुळे जी सरकारची लाडकी बहीण होती, ती वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सरकारच्या लेखी सुखवस्तू म्हातारी! दीड हजाराचे २,१०० करू या सत्ताधाऱ्यांच्या निवडणुकीतल्या आश्वासनावरून विरोधकांनी सभागृह कितीदा दणाणून सोडलं असेल. या पासष्टीच्या खड्ड्यावर मी तरी तसा गदारोळ ऐकलेला नाही.

पोराच्या शाळेकडे येऊ. ९ फेब्रुवारी २०२४ला सरकारने आरटीईचे नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के जागांच्या बंधनातून सूट. म्हणजे शहरांत ही तरतूद जवळपास गुंडाळलीच. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या, मे महिन्यात स्थगिती आली आणि १९ जुलैला तो बदल रद्द झाला. तोवर प्रवेशाचं वेळापत्रक कोलमडलं होतं आणि पोरं घरी बसून होती. या कायद्याखालचे राज्याचे नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. म्हणजे ही लढाई सभागृहात लढायला पूर्ण वाव होता. उत्तर मात्र न्यायालयातून आलं.

बरं, नियम टिकला म्हणून आपल्या बाईचं काम झालं का? भाडेकरूला पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. दहा बाय दहाच्या खोलीचा करार कुठला घरमालक नोंदवून देतो? म्हणजे शाळेचा प्रश्न येऊन अडतो घरावर. शालेय शिक्षणमंत्री म्हणणार, भाडेकरार हा माझा विषय नाही. गृहनिर्माणमंत्री म्हणणार, प्रवेश हा माझा विषय नाही. दोघंही तांत्रिकदृष्ट्या बरोबर! शिवाय आरटीईचं छत्र आठवीपर्यंतच. नववीत तीच शाळा पूर्ण फी मागते, आणि वय १४ असलेल्या त्या पोराने पाच मैत्र्या, एक माध्यम आणि एक गणवेश सोडून कुठे जायचं हे कुठल्याच शासन निर्णयात नाही.

घराबद्दल थोडक्यात, कारण तिथे आकडे मोठे आहेत आणि उत्तरं छोटी. ‘२०२२पर्यंत सर्वांना घर’ ही घोषणा २०१५ची. मे २०२५मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलं, त्यात २०३०पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य. फेब्रुवारी २०२५मध्ये पुण्यात एका दिवशी २० लाख घरकुलांची मंजुरीपत्रं वाटली गेली. सपाट भागात केंद्राच्या योजनेतले १ लाख २० हजार आणि वर राज्याचे ५० हजार. छान आहे. पण ज्याच्या नावावर जागाच नाही त्याने ते पत्र कुठे बांधायचं? जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे, पण गावठाणातले भाव कुणालाही विचारा. आणि गिरणी कामगार? १९८२चा संप करणारी पिढी बहुतेक गेली, वारस म्हातारे झाले आणि त्यांना घरासाठी सांगतात मुंबईबाहेर शेलू-वांगणीला जा. ९ जुलै २०२५ला ते आझाद मैदानात बसले होते. विरोधी नेते तिथे गेले, भाषणं झाली, फोटो आले.

सरकारला एकट्याला झोडपून भागणार नाही. २१ हजारांची अट काही कालची नाही. महाविकास आघाडी नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ सत्तेत होती, तेव्हाही ती तशीच होती. आणि २०२४मध्ये लाडकी बहीण आल्यावर विरोधकांनी केलं काय? पैसे कुठून आणणार, कुठलं खातं कापणार, हे विचारत असतानाच जाहीरनाम्यात ३,००० रुपयांचं आश्वासन टाकलं. लिलावात बोली वाढवणाऱ्याने मग वस्तूच्या किमतीबद्दल बोलायचं नसतं. त्यामुळे मे २०२५मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचे मिळून सुमारे ७४६ कोटी लाडक्या बहिणीकडे वळवले गेले तेव्हा सगळ्यात झोंबणारा सवाल सरकारमधल्याच सामाजिक न्याय मंत्र्याने, संजय शिरसाटांनी केला. वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या ज्या खात्यातून चालतात, त्याचा हा पैसा. विरोधकांचं काम मंत्र्याला करावं लागलं, यात कौतुक कुणाचं करायचं?

जुलै २०२५मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचं महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितलं. १४ हजारांवर पुरुषांच्या नावावर पैसे गेले ही बातमी मग आठवडाभर चवीने चघळली गेली. चौकशी व्हायलाच हवी. पण मला त्या २६ लाखांतल्या बायकांची जास्त काळजी आहे. त्यांतल्या किती जणी खरोखर अपात्र, किती जणी आधार-बँक खात्याच्या घोळात गळल्या? नाव परत घालायला जायचं कुठे, अंगणवाडीताईकडे की तहसीलदाराकडे? हे विचारायला पायऱ्यांवर बॅनर लागत नाही.

तारांकित प्रश्नांची उत्तरं कधी वाचलीत का? ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ विधिमंडळाच्या संकेतस्थळावर हे सगळं असतं, वाचायला कंटाळवाणं. मजा उपप्रश्नात असते. तयारीचा आमदार तिसऱ्या उपप्रश्नाला मंत्र्याला फायलीत डोकं घालायला लावतो. बिनतयारीचा आमदार भाषण करतो, मंत्री ‘शासन सकारात्मक आहे, दालनात बैठक लावू’ म्हणतो आणि दोघंही समाधानाने खाली बसतात. त्या दालनातल्या बैठकीचं इतिवृत्त आजवर कुणी पाहिलंय?

म्हणून एक प्रश्न मीच लिहून ठेवलाय, त्यांच्याच साच्यात:

(१) निराधार व श्रावणबाळ योजनांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१ हजार रुपये, तर लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाख रुपये आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्याने लाडकी बहीण योजनेतून वगळलेल्या महिलांपैकी किती जणींना श्रावणबाळ योजनेचा लाभ सुरू झाला, जिल्हानिहाय. (३) उर्वरित महिलांबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

ज्या आमदाराला हवा त्याने बिनधास्त उचलावा, पक्ष कुठलाही चालेल, माझं नाव घ्यायची गरज नाही. सत्ताधारी बाकावरच्यांनी विचारला तर उलट जास्त बरं. फक्त दुसऱ्या भागाच्या उत्तरात ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं आलं, तर तारीख घेतल्याशिवाय खाली बसू नका.