'क्लब सोडा, सीजीपीए धरा' म्हणणाऱ्या त्या पत्राला उत्तर

गेल्या रविवारी दाजींनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. 'एका नामांकित कंपनीच्या एचआर प्रमुखाचे पालकांना कळकळीचे पत्र.' खाली ना नाव, ना कंपनी, ना तारीख. मजकूर थोडक्यात असा: कंपन्या फक्त सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी) बघतात. कॉलेजातल्या रेसिंग टीम, रोबोटिक्स क्लब, फेस्ट हा सगळा टाइमपास. त्यापायी मुलं केटीत, म्हणजे नापास राहिलेल्या विषयांत अडकतात. पोरांनी केलेल्या असल्या प्रोजेक्टना उद्योगात शून्य किंमत. आणि मुलींनी तर रात्री वर्कशॉपमध्ये थांबण्यापेक्षा दोन सर्टिफिकेट कोर्स करावेत, कारण 'तिथे त्यांना नाहीतरी प्रेझेंटेशनलाच उभं करतात'.

सोमवारी संध्याकाळी भाचीचा फोन. बाबांनी बाहा टीम (स्पर्धेसाठी स्वतः गाडी बनवणारी कॉलेजची टीम) सोडायला सांगितलंय. ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, टीममध्ये ट्रान्समिशन बघते. एवढं सांगितलं आणि पुढे बराच वेळ ती बोललीच नाही.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे आणि दरवर्षी फ्रेशर्सच्या मुलाखतींना पॅनलवर बसते. त्यामुळे या पत्राला उत्तर द्यायचा मला थोडा तरी हक्क आहे.

मुलींचा मुद्दा आधी घेते, कारण डोकं त्यानेच फिरलं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका टीममधली मुलगी मुलाखतीला आली. सीजीपीए सातच्या आसपास, इंग्रजी अडखळत. विचारलं, गाडीत तू स्वतः काय केलंस? म्हणाली, मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. मग रेझ्युमेच्याच पाठीवर तिने स्केच काढलं. लेथवर टर्निंग करताना बेअरिंगची सीट, म्हणजे बेअरिंग घट्ट बसायची जागा, ओव्हरसाइझ झाली होती, बेअरिंग बसवलं तर ते बोटाने फिरायला लागलं. नवीन मटेरियल घ्यायला पैसे नाहीत, स्पर्धेला न्यायला गाडी ट्रकमध्ये चढायला चार दिवस. पार्ट पिशवीत घालून ती भोसरीत तीन वर्कशॉप फिरली, शेवटी एका टर्नर काकांनी आत बुश (सैल जागा भरणारी धातूची कडी) मारून दिला. मी विचारलं, चूक कोणाची? 'माझी मॅडम. ड्रॉइंगवर टॉलरन्स मीच लिहिला नव्हता.'

टॉलरन्सची, म्हणजे मापात किती फरक चालेल त्या मर्यादेची, व्याख्या मला दरवर्षी चाळीस जण पाठ म्हणून दाखवतात. तो लिहायचा राहिला तर काय होतं, हे त्या दिवशी एकीने सांगितलं. तिला घेतलं. आज एका लाइनचा फर्स्ट पीस, म्हणजे तपासायला काढलेला पहिला नग, तिच्या सहीशिवाय पुढे जात नाही.

आता, काही टीममध्ये मुलींना खरंच सादरीकरणापुरतं पुढे करतात. मुलाखतींना आलेल्या मुलींनीच मला हे सांगितलंय, म्हणून नाकारत नाही. पण मग टीमकडे मशिनिंगचं, असेंब्लीचं काम मागून घ्यायचं, की टीमच सोडायची? शिवाय बाहात सादरीकरण म्हणजे शोभेचं काम नव्हे. डिझाइन का तसं केलं, गाडीला खर्च किती आला, ती विकणार कशी, या सगळ्याला परीक्षकांसमोर गुण असतात. रात्री थांबण्याची काळजी मला समजते. त्यासाठी कॉलेजला विचारा: सोबत कोण असतं, हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, जबाबदार सर कोण? ही उत्तरं कॉलेजने द्यायची आहेत. त्याची शिक्षा मुलीला कशाला?

'उद्योगात शून्य किंमत' हे वाक्य तर बाहाचं नावही न ऐकलेल्या माणसाने लिहिलंय. ही स्पर्धा भारतात २००७ पासून होते, बरीच वर्षं इंदूरजवळच्या पीथमपूरला. खडबडीत रस्त्यावर चालणारी एका माणसाची गाडी विद्यार्थी स्वतः बनवतात आणि शेवटी ती चार तास सलग पळवायची असते. अनेक वर्षं पेट्रोल गाड्यांना इंजिन सगळ्यांना एकच होतं, त्यामुळे फरक पडायचा तो चासी (गाडीचा सांगाडा), सस्पेन्शन आणि ट्रान्समिशनमध्ये. आणि या स्पर्धेच्या जोडीने एचआर मीट भरते. कंपन्या तिथे याच पोरांमधून माणसं निवडतात. शून्य किंमत असती तर कंपन्यांनी हा खटाटोप केला असता का?

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रह घ्या. वजन एक किलोच्याही आत. काम सुरू झालं २००८ साली आणि २२ जून २०१६ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटने तो वर नेला. इंजिनिअरिंग चार वर्षांचं. म्हणजे ज्यांनी पहिली ड्रॉइंग काढली, ती मुलं उड्डाणाच्या कितीतरी आधी पास होऊन गेली होती. मधल्या प्रत्येक बॅचला आपलं काम पुढच्या पोरांना समजेल असं लिहून, शिकवून जावं लागलं असणार. आमच्या कारखान्यात शिफ्ट बदलताना हँडओव्हर नीट झाला नाही म्हणून अख्खा लॉट रिजेक्ट झालेला मी पाहिलाय. हे कौशल्य कुठल्या सर्टिफिकेट कोर्सात मिळतं ते पत्रलेखकाने सांगावं.

सीजीपीएच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या साठ टक्क्यांची आणि चालू बॅकलॉग (राहिलेला विषय) नसल्याची अट घालतात. ती पाळली नाही तर गाडी कितीही चांगली पळवा, यादीत नावच येत नाही. पण यादी लागल्यावर समोर बसलेल्या सगळ्यांनीच ती अट पूर्ण केलेली असते. तिथून पुढे ७.१ आणि ७.४ मधून माणूस निवडता येत नाही, दुसरं काहीतरी विचारावंच लागतं. केटीचंही तेच. टीमपायी वाहवत गेलेली मुलं असतात. ज्याचा विषय राहिलाय त्याला तो सुटेपर्यंत कामातून मोकळं करावं, हे टीमने ठरवायला हवं.

राहिला टाइमपास. नुसत्या फेस्टच्या व्हॉलंटिअर सर्टिफिकेटला मीही काही किंमत देत नाही. फेस्टचा हिशोब कोणी सांभाळला, प्रायोजक ऐनवेळी मागे फिरल्यावर काय केलं, हे सांगता आलं तर देते. बाकी २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलंय की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात ताठर भिंत नको.

दाजी, तुमची काळजी खोटी नाही. पण ज्या माणसाने स्वतःचं नावही लिहिलं नाही, त्याच्या शब्दावर तुम्ही पोरीचं दोन वर्षांचं काम थांबवलंय. तिच्या मागच्या सेमिस्टरचा निकाल काढून बघा, एकही विषय राहिलेला नाही. गिअरबॉक्सचं केसिंग तिने अर्धं करून ठेवलंय आणि कॅप्टनने तिची जागा शुक्रवारपर्यंत राखून ठेवली आहे. गुरुवारी मी सुट्टी टाकली आहे. आपण दोघं तिच्या वर्कशॉपमध्ये जाऊ, ते केसिंग हातात घेऊन बघा आणि मग काय ते ठरवा.