‘बॅग भरा आणि केनियाला निघा’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

सध्या एक फॉरवर्ड नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या अशा सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. वर आयाळ पिंजारलेल्या सिंहाचा फोटो, खाली लांबलचक मजकूर. त्याचा सारांश असा: केनियाला आता व्हिसा लागत नाही. पिवळ्या तापाची लस नावापुरती, ती घेतल्याचं कार्ड कोणी बघत नाही. मलेरियाच्या गोळ्या गोऱ्यांसाठी, आपल्याला डासांची सवय असते. आफ्रिका गरम, तेव्हा सुती कपडे आणि दहा दिवसांचा खाऊ घ्या. जायचं तर जुलै-ऑगस्टमध्येच, नदी ओलांडणारे कळप दिसतातच. सहा रात्रींत पाच ठिकाणं, ‘बिग फाइव्ह’ गॅरंटीने, जमलं तर शेजारचं, टांझानियातलं सेरेंगेटीही उरकून घ्या. माणशी दीड लाख, सगळं धरून. आणि शेवटी: ‘ताडोबा केलंय ना? मग झालं!’

यातल्या बऱ्याच वाक्यांत पावशेर तथ्य आहे, म्हणूनच लोक फसतात. एकेक बघू.

व्हिसाचं आधी. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद केला, हे खरं. पण त्याच्या जागी ईटीए आणला, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी. पासपोर्ट, फोटो, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग अपलोड करायचं, 30 डॉलर आणि वर कार्डाचा किरकोळ आकार भरायचा. लहान मुलांचाही अर्ज वेगळा. ही परवानगी हातात नसेल तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावं लागेल. अर्ज भरताना संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘गो डॉट केई’ आहे ना, हे बघा. सरकारी असल्याचा आव आणून दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी दुकानं इंटरनेटवर भरपूर आहेत.

‘पिवळ्या तापाचं कार्ड कोणी बघत नाही’ हे वाक्य कुठून आलं असेल, ते कळतं. भारतातून थेट नैरोबीला उतरणाऱ्याकडे केनिया हे कार्ड सहसा मागत नाही, कारण भारतात पिवळा ताप नाही. आपण तिथून परत येतो तेव्हा खरी गोम आहे. भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, त्यामुळे केनियासारख्या देशातून येणाऱ्यांच्या बाबतीत आपलं सरकार कडक आहे. वैध कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड वैध होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रं मोजकी असतात आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. एकदा घेतली की आता जन्मभर पुरते. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले, यांनी आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. आपल्याकडच्या सफारी ग्रुपांत निम्मे लोक साठीच्या आसपासचे असतात, आणि नेमकी हीच सूचना त्या फॉरवर्डमध्ये नाही.

मलेरियाच्या बाबतीत मात्र पावशेरही तथ्य नाही. ‘आपल्याला सवय असते’ हा निव्वळ भ्रम. मुंबई-पुण्यात डास चावून घेतल्याने कसलंही कवच तयार होत नाही. आफ्रिकेतला मलेरिया प्रामुख्याने फॅल्सिपॅरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊन जीव घेणारा. सफारीसाठी लोक जातात ते केनियातलं मसाई मारा अभयारण्य समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर असलं तरी तिथे मलेरिया आहे. कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. काही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात आणि लोक त्या विमानतळावरच विसरतात. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते ‘आफ्रिकेला जाऊन आलोय’ हे.

कपडे आणि खाऊ. जुलै-ऑगस्टमध्ये माराची पहाट दहा-बारा अंश सेल्सियसला असते, आणि छत वर उचललेल्या गाडीत उभं राहिलं की वारा थेट अंगात शिरतो. नुसत्या सुती शर्टावर गेलेली मंडळी पहिल्या सकाळी हॉटेलचं ब्लँकेट गुंडाळून बसलेली दिसतात. ज्याचे थर चढवता-उतरवता येतील असे कपडे घ्या. गडद निळा आणि काळा टाळा, तिथल्या चावऱ्या त्सेत्से माशीला ते रंग आवडतात. मिलिटरी छापाचे कपडे घरीच ठेवा. आफ्रिकेतल्या अनेक देशांत सामान्य माणसाने ते घालायला बंदी आहे.

खाऊ न्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याच्या पिशव्यांना. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, दंड आणि तुरुंग दोन्हीची तरतूद आहे. 2020 च्या जूनपासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या वस्तूही चालत नाहीत, त्यात पाण्याच्या बाटल्या आल्या. टांझानियानेही 2019 मध्ये कॅरीबॅग बंद केल्या. आता आपली मराठी बॅग डोळ्यांसमोर आणा: चपला एका कॅरीबॅगमध्ये, शेंगदाण्याची चटणी दुसरीत, वापरलेले कपडे भरायला घडी घातलेल्या दहा-बारा पिशव्या तळाला. या सगळ्या घरीच काढा आणि कापडी पिशव्या, डबे घ्या. शाकाहारी माणूस उपाशी राहील ही भीतीही फोल आहे. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून आत रेल्वे टाकायला भारतातून तीसेक हजार मजूर नेले गेले. त्यांच्या आणि मागोमाग आलेल्या व्यापाऱ्यांच्या चपाती-समोशाने तिथे कधीच घर केलंय. कॅम्पवाल्याला आधी कळवलं तर जैन जेवणही मिळतं.

आता ज्यावरून लोक तारखा ठरवतात आणि पैसे मोजतात, तो मुद्दा: ‘जुलै-ऑगस्टमध्येच जा, क्रॉसिंग (कळपांचं नदी ओलांडणं) दिसतंच.’

बारा-तेरा लाख विल्डबीस्ट (गाईगुरांसारखे दिसणारे, शिंगांचे मोठे चरणारे प्राणी), सोबत लाखोंनी झेब्रे आणि हरणं, हा सगळा पसारा वर्षभर सेरेंगेटी आणि मारा यांच्यात गोल फिरत असतो. तो फिरतो पावसामागे, पावसानंतर उगवणाऱ्या गवतामागे. आपल्या सुट्ट्यांचं वेळापत्रक त्याला कोणी दिलेलं नाही. साधारणपणे जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कळप मारा नदीच्या आसपास असतात, पण नदी काही एकदाच ओलांडायची नसते. पलीकडे पाऊस पडला की उलटे फिरतात, परत येतात. ज्या दिवशी तुम्ही काठावर असता त्या दिवशी ते दोन मैल मागे निवांत चरतही असतील.

काठावर आले तरी पुढे काय होईल ते सांगता येत नाही. कळप कड्यापाशी दाटतो, मागचे पुढच्यांना रेटतात, धूळ उठते. एखादा नर उताराच्या टोकाशी येतो, मान खाली घालून पाणी हुंगतो, फुरफुरतो. गाड्यांमधले सगळे कॅमेरे वर होतात. तेवढ्यात खालून एक झेब्रा भुंकल्यासारखा ओरडतो, नर वळतो, आणि त्याच्या मागचे हजारभर प्राणी वळून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, चरायला लागतात. दोन तास, तीन तास, आणि मग संध्याकाळचे सहा वाजतात. हे वारंवार घडतं. अर्ध्या दिवसासाठी माराला पोचलेल्या माणसाला कोणी क्रॉसिंगची हमी देत असेल, तर तो पावसाची हमी देतोय.

बाकीचे महिनेही वाया नसतात, उलट. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत हेच कळप दक्षिण सेरेंगेटी आणि एन्दुतूच्या आखूड गवताच्या मैदानात असतात, आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. जन्मलेलं पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं, कारण तरस आणि चित्ते जवळच असतात. मारातले सिंह, हत्ती, बिबटे, चित्ते कळपांबरोबर कुठे जात नाहीत, ते बारा महिने तिथेच. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे, गर्दी कमी. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत मात्र तिथे मोठा पाऊस असतो. काळ्या मातीत गाडी रुतते, काही कॅम्प बंदच असतात. स्वस्त मिळतं ते त्यामुळे.

सेरेंगेटी ‘शेजारीच’ आहे हे नकाशावर अगदी खरं. प्राण्यांना ती सीमा नाही, पर्यटकांना आहे. मारातून सरळ सेरेंगेटीत जायला पर्यटकांसाठी वाट नाही. इसेबानिया किंवा नमांगाच्या नाक्यावरून वळसा घालायचा, गाडी आणि ड्रायव्हर बदलायचे, टांझानियाचा व्हिसा वेगळा, आणि केनियातून येणाऱ्याला पिवळ्या तापाचं कार्ड तिथे दाखवावंच लागतं. ते उरकून घ्यायचं प्रकरण नाही.

‘सहा रात्रींत पाच ठिकाणं’ हा मला या फॉरवर्डमधला सगळ्यात घातक सल्ला वाटतो. नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मारा आणि परत नैरोबी. रस्त्यावरचे तास मांडून बघा: अंबोसेलीपर्यंत चार-पाच, तिथून नैरोबीची गर्दी पार करून नैवाशापर्यंत सहा, नाकुरूला दीड, नाकुरू ते मारा पाच-सहा, मारा ते नैरोबी पुन्हा तेवढेच. बावीस-तेवीस तास गाडीत गेले. नाकुरूला थांबायचं कारण म्हणून ‘लाखो फ्लेमिंगो’ असं छापतात. तलावाचं पाणी गेल्या दशकात इतकं चढलं की ते गुलाबी थवे बरेचसे बोगोरियासारख्या दुसऱ्या तलावांवर गेले. नाकुरूला जरूर जा, पण गेंड्यांसाठी. काळे आणि पांढरे दोन्ही तिथे आहेत.

बिग फाइव्ह म्हणजे पायी शिकार करायला सगळ्यात धोकादायक पाच जनावरं (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस), शिकाऱ्यांनी केलेली यादी. केनियात शिकार 1977 मध्ये बंद झाली, यादी मात्र टिकली आणि टूरवाल्यांच्या टिकमार्कची झाली. गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, बिबट्याची तर नाहीच.

आणि या यादीपायी काय हुकतं? वारुळावर बसलेली चित्ता-मादी घ्या. समोर थॉमसन गझेलांचा कळप, मध्ये उघडं मैदान. ती काहीच करत नाही, फक्त शेपटीचं टोक हलतंय. दहा मिनिटांत फोटो होतात, मागून कोणीतरी म्हणतं, ‘चला, बिबट्या राहिलाय.’ गाडी निघते. ती मादी पाऊण तासाने उठते. अशा घाईला लोक ड्रायव्हरला दोष देतात, पण त्याला तसं वागायला आपणच लावतो. जास्त प्राणी दाखवले की टिप जास्त, हे त्याला पुरतं ठाऊक असतं. पहिल्याच सकाळी त्याला सांगा की आम्हाला यादी पुरी करायची नाही, एका जागी थांबायची तयारी आहे. माणूस वेगळाच निघतो.

ताडोब्याचा अनुभव इथेच दगा देतो. ताडोब्यात सकाळ-दुपारच्या पाळ्या, गेटवर मिळेल ती जिप्सी, मिळेल तो गाइड, चार तासांत वाघ दिसला तर दिसला. इथे तोच ड्रायव्हर-गाइड आणि तीच गाडी सगळे दिवस तुमच्याजवळ. सकाळी डबा घेऊन निघायचं, दुपारी झाडाखाली जेवायचं, अंधार पडायच्या आत परतायचं. पाळीच्या घाईची सवय घरी ठेवून गेलात तर एकटं मारा तीन-चार रात्रींना सहज पुरतं.

राहिले पैसे. मारा अभयारण्याचं परदेशी प्रौढ पर्यटकासाठीचं शुल्क 2024 पासून जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये 200 डॉलर झालंय. तिकीट चालतं सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, एवढंच. म्हणजे ऑगस्टमध्ये तीन दिवस धरले तर नुसत्या प्रवेशाचे माणशी 600 डॉलर, पन्नास हजार रुपयांच्या वर. विमान, गाडी, राहणं, बाकीच्या उद्यानांची तिकिटं वेगळी. मग दीड लाखात बसवतात कसं? नाकुरूहून दुपारी तीनला माराला पोचलात आणि अभयारण्याबाहेर उतरलात, तर त्या संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी पूर्ण 200 डॉलर भरावे लागतात. स्वस्तातला टूरवाला ते भरतच नाही. ‘संध्याकाळी विश्रांती’ किंवा ‘मसाई गावाला भेट’ असं कार्यक्रमात लिहितो, ती भेटही बऱ्याचदा वेगळे पैसे घेऊन. दुसरा दिवस पूर्ण मिळतो, तिसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर नैरोबी. ‘मारा 2 रात्री’ असं छापलेलं असतं आणि अभयारण्यात तुम्ही एकच दिवस असता.

म्हणून पैसे भरण्याआधी टूरवाल्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. माराची किती दिवसांची तिकिटं किमतीत धरली आहेत. कॅम्प गेटच्या आत आहे की बाहेर, आणि बाहेर असेल तर किती अंतरावर. गाडी लँडक्रूझर की व्हॅन, तिच्यात किती माणसं आणि प्रत्येकाला खिडकी आहे का. आणि माराच्या आत एकूण किती तास मिळणार. चौथ्या प्रश्नावर ‘ते ड्रायव्हर बघतो’ असं उत्तर आलं, तर दुसरा टूरवाला बघा.