चेहरा एकाचा, गुडघे दुसऱ्याचे

रोबोच्या खेळण्याच्या खोक्यावर 'वय वर्षे १५ आणि त्यापुढे' असं छापलेलं असतं. लोकांना वाटतं, पोरांनी बारीक भाग गिळू नयेत म्हणून ही सूचना. मला नाही वाटत. लहान मुलाला ट्रकचा रोबो करायला पाच मिनिटांच्या वर लागले, तर ते खेळणं तिथेच टाकून बाहेर पळतं. आपण पळत नाही. आपण चष्मा पुसतो, टेबलावरचा दिवा जवळ ओढतो आणि घरच्यांना बजावतो, "आता तासभर मला कुणी हाक मारू नका."

त्यात रोबो 'थर्ड पार्टी' असेल तर विचारायलाच नको. ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचे रोबो होणारी खेळणी, ही हॅस्ब्रो आणि ताकारा टोमी या कंपन्यांची मालमत्ता. तिसरीच एखादी कंपनी कुणालाही न विचारता त्यांच्याच पात्राचा नवा रोबो घडवते. साचे स्वतःचे, सांधे स्वतःचे, कारागिरी तर कित्येकदा मूळ कंपनीला लाजवेल अशी. फक्त पात्र परक्याचं. खोक्यावर 'ऑप्टिमस प्राइम' हे त्यांच्या नायकाचं नाव कुठेही लिहिलेलं नसतं, 'अमुक कमांडर' असं काहीतरी भारदस्त असतं. ऑटोबॉट्सच्या, म्हणजे नायकाच्या टोळीच्या, चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन. बाकी अंग लाल-निळं, तोंडावर चंदेरी मुखपट्टी, डोक्याला दोन अँटेना. कोण आहे ते शेंबडं पोरही सांगेल, खोकं मात्र मूग गिळून बसलेलं.

माझ्या कमांडरसोबत आलेल्या पत्रकात एक वाक्य नाही, नुसती चित्रं आणि बाण. १७व्या चित्रात ट्रकची केबिन जागेवर आहे. १८व्या चित्रात तिचे पाय झालेत. मधे काय घडलं ते देव जाणे. हाच रोबो करून दाखवणाऱ्या व्हिडिओतले गृहस्थ गप्पा मारत, मधेच खोक्याच्या रंगसंगतीला नावं ठेवत, बघता बघता रोबो उभा करतात. मी तेच पॅनेल, त्याच जागी, तसंच दाबलं आणि 'टक्' झालं.

या छंदात दोन आवाज असतात. 'टिक्' म्हणजे टॅब खाचेत बसला. 'टक्' म्हणजे घात झाला. दिव्याखाली धरून पाहिलं, तर बिजागरीच्या पिनेशेजारी लाल प्लास्टिकवर केसाएवढी पांढरी रेघ. हिला स्ट्रेस मार्क म्हणतात. ती एकदा दिसली की पुढे तुम्ही रोबोकडे बघत नाही, रेघेकडेच बघता.

बरं, तक्रार कुणाकडे करायची? मूळ कंपनीकडे जावं तर माल त्यांचा नाही. बनवणाऱ्याकडे जावं तर खोक्यावर पत्ता नाही. आणि ज्याने दुसऱ्याचं पात्र न विचारता उचललं, त्याच्याकडे ग्राहक म्हणून न्याय मागताना आपलाही आवाज जरा बसतोच. (खांद्याचा बॉल जॉइंट ढिला होता, तो मात्र मी बरा केला. बॉलवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग खोबणीत बसवायचा. नेलपॉलिश कुणाचं होतं हा प्रश्न घरात नंतर उपस्थित झाला.)

तेवढ्यात भाचा आला.

"मामा, हा ऑप्टिमस ना?"

"हो. म्हणजे, नाही."

"मग कोण?"

"त्याच्यासारखा दिसणारा."

"म्हणजे डुप्लिकेट."

इथे माझा तोल गेला. डुप्लिकेट म्हणजे केओ, नॉकऑफ! कंपनीचा रोबो उघडायचा, त्यावरून साचा काढायचा आणि हलक्या प्लास्टिकमध्ये ओतायचा, ते केओ. ह्याचं डिझाइन मुळापासून नवं आहे, ह्यामागे कुणीतरी डोकं चालवलंय. भाच्याने शांतपणे ऐकून घेतलं. आतून बायको म्हणाली, "चोरीच्या कापडाचा, पण मापाने शिवलेला."

मग मी इतिहासात शिरलो. अडचणीत आलेला संग्राहक नेहमी इतिहासातच शिरतो. म्हटलं, तुमचा हा ऑप्टिमस मुळात ऑप्टिमस नव्हताच. जपानच्या ताकाराच्या 'डायाक्लोन' मालिकेत तो 'बॅटल कॉन्व्हॉय' होता, आणि तिथले रोबो जिवंत नसायचे, त्यांना चिमुकले चालक असायचे. १९८४ मध्ये हॅस्ब्रोने ते साचे घेऊन नवी नावं दिली, मार्व्हलच्या लेखकांनी त्यांना स्वभाव दिले. १९८५ चा जेटफायर हा रोबो तर 'मॅक्रॉस' या जपानी कार्टून मालिकेतलं लढाऊ विमान, तेही मूळच्या ताकातोकू कंपनीचं खेळणं. कार्टूनमध्ये त्याचं नावही बदललं आणि रूपही.

"पण ते विचारून, करार करून केलं ना?" बायको.

केलं होतं. म्हणून मी मिराज या दुसऱ्या रोबोचा विषय काढला. मिराज म्हणजे लिजिए कंपनीची फॉर्म्युला वन गाडी. खऱ्या गाडीवर 'जितान' या फ्रेंच सिगारेटची जाहिरात होती. खेळण्यावर पहिलं इंग्रजी अक्षर 'जी'च्या जागी 'सी' छापलं, की झालं काम. आता मला सांगा, हे 'अमुक कमांडर'पेक्षा वेगळं काय? यावर आतून उत्तर आलं नाही. मी तो विजय मानला.

आणि मूळ कंपनी वेळेवर बनवत असती तर गोष्ट वेगळी. सहा बांधकाम-गाड्या जोडून होणारा १९८५ चा डेव्हास्टेटर गुडघ्यात वाकत नाही. कंपनीने नवा, भलाथोरला डेव्हास्टेटर आणला तो २०१५ मध्ये. थर्ड पार्टीवाल्यांनी आपले हिरवे राक्षस त्याच्या कितीतरी आधी गुडघ्यांसकट उभे केले होते. युनिक्रॉन या ग्रहाएवढ्या खलनायकासाठी तर २०१९ मध्ये हॅस्ब्रोने अट घातली, आधी ८००० ग्राहक नोंदवा, मग बनवतो. मुदत वाढवावी लागली, पण ग्राहक मिळाले. तोवर माणसाने काय नुसतं वाट बघत बसायचं?

हा युक्तिवाद मी बरीच वर्षं वापरतोय आणि त्यातली मेख मला ठाऊक आहे. नुसते गुडघेच हवे असते, तर कुणाच्याच ओळखीचा चेहरा नसलेले, अस्सल नव्या कल्पनेचे रोबोही मिळतात. उत्तम वाकतात. माझ्याकडे त्यांतला एकही नाही. पैसे मी चेहऱ्याचे मोजतो आणि वकिली गुडघ्यांची करतो. ज्याने तो चेहरा पहिल्यांदा कागदावर काढला, त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. अर्थात अधिकृत खोकं घेतलं तर त्याच्यापर्यंत किती पोचतं, हा प्रश्न मी सोयीने राखून ठेवलाय.

छातीवरच्या रिकाम्या चौकोनाची गंमत और आहे. चिन्हाचा स्टिकर वेगळा मिळतो, वेगळ्याच माणसाकडून. कंपनीने नाव लावलं नाही, चिन्ह लावलं नाही, म्हणजे ती हात वर करून मोकळी. शेवटचं कलम ग्राहकाने स्वतःच्या चिमट्याने पूर्ण करायचं. मी श्वास रोखून लावला. किंचित तिरका बसलाय. काढायला गेलं तर खालचा रंग येईल म्हणून तसाच ठेवलाय.

एवढं सगळं झाल्यावर कळलं, की माझ्या कमांडरचाही केओ निघालाय. आकाराने मोठा आणि स्वस्त. काय संताप झाला सांगू! कुणाच्या मेहनतीवर हा असा डल्ला? डिझायनरने रात्री जागवायच्या आणि या भामट्यांनी साचा मारायचा? संग्राहक मित्राला फोन करून अर्धा तास बोललो. तो म्हणाला, "चोरावर मोर रे." मला ती म्हण त्या प्रसंगी मुळीच आवडली नाही. नंतर हळूच विचारलं, त्या केओच्या पॅनेलचं प्लास्टिक कसं आहे? म्हणाला, जाड आहे, रेघ पडत नाही.

आता अधिकृत कंपनीनेच हा रोबो संग्राहकांसाठीच्या मास्टरपीस मालिकेत नव्याने जाहीर केलाय. अर्थातच नोंदवला. कपाटात दोघांना जागा नाही, तेव्हा कमांडर विकायला काढलाय. जाहिरात भाच्याला टाइप करायला सांगितली. "काय लिहू मामा, खरा की खोटा?"

"लिही," म्हटलं, "पॅनेलवर एक बारीक रेघ, स्टिकर लावलेला, खोकं सुस्थितीत. शंभर टक्के ओरिजिनल थर्ड पार्टी. केओवाल्यांनी कृपया चौकशी करू नये."