लिनियर सप्लाय लावला की आवाज खुलतो म्हणे

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. "एसएमपीएस अ‍ॅडाप्टर फेका, लिनियर पॉवर सप्लाय लावा, जाड पॉवर केबल घ्या, मग डॅक-अ‍ॅम्पचा आवाज असा खुलेल की गायकाचा श्वास ऐकू येईल." एसएमपीएस म्हणजे मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरसारखा, वेगाने चालू-बंद (स्विच) होणारा हलका सप्लाय; लिनियर म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरवाला जुन्या पद्धतीचा; आणि डॅक-अ‍ॅम्प म्हणजे डिजिटल गाण्याचा सिग्नल करून स्पीकर-हेडफोन वाजवणारा डबा. पॉवर सप्लायने काहीच फरक पडत नाही असं माझं म्हणणं नाहीये, पडतो, पण हा मेसेज सांगतो तिथे नाही.

मेसेजवाल्यांचा पहिला मुद्दा, एसएमपीएसची घाण, म्हणजे स्विचिंगचा नॉइज, आवाजात उतरते आणि ट्रेबल कर्कश होतो. अहो, साधा अ‍ॅडाप्टर ६५ ते १०० किलोहर्ट्झच्या आसपास स्विच होतो आणि आपला कान २० च्या वर बंद. उलट लिनियरमध्ये ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडनंतर) जो रिपल, म्हणजे व्होल्टेजची लहर, उरतो तो १०० हर्ट्झचा, म्हणजे नेमका ऐकू येणारा. आणि दोन्हीकडचा कचरा बराचसा पुढची चिपच अडवते, एनई५५३२ या ऑडिओतल्या नेहमीच्या चिपची डेटाशीट काढून बघा, सप्लाय एक व्होल्टने हलला तर इनपुटला धरून परिणाम जेमतेम दहा मायक्रोव्होल्ट. वरच्या फ्रिक्वेन्सीला ही ताकद कमी होते हे खरंय, पण त्यासाठीच चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवलेला असतो. बेंचमार्क कंपनीचा एएचबी२ अ‍ॅम्प तर स्विचिंग सप्लायवरच चालतो आणि त्याच्याइतके शांत अ‍ॅम्प शोधावे लागतात. हां, बिननावाचा स्वस्तातला अ‍ॅडाप्टर असेल तर माझं काही म्हणणं नाही, त्यात फिल्टरच्या चोकच्या (कॉइलच्या) जागी कधीकधी नुसता तारेचा तुकडा टाकलेला असतो.

पॉवर केबलबद्दल फार बोलत नाही. तुमच्या त्या मनगटाएवढ्या केबलनंतर अ‍ॅम्पच्या आत फ्यूज आहे, त्यातली तार बघा आणि ठरवा.

"लिनियर लावला आणि हम गेला, आता बोला!" हे मात्र बऱ्याच जणांच्या बाबतीत खरंच झालेलं असतं, फक्त कारण वेगळं असतं. दोन पिनचा अ‍ॅडाप्टर लावून अ‍ॅम्पच्या पत्र्यावरून बोटाची मागची बाजू हळूच फिरवा, झिणझिण्या येतात ना? अ‍ॅडाप्टरच्या आत प्रायमरी-सेकंडरीच्या, म्हणजे मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्या, मध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून थोडा करंट गळतो आणि बॉडी अधांतरी लटकते. मग सेटटॉप बॉक्स नाहीतर पीसी जोडला की तो करंट आरसीए (ऑडिओच्या) केबलच्या ग्राउंडमधून वाट काढतो आणि स्पीकर घुंऽऽ करायला लागतो. नवीन सप्लायने ती वाट बदलली, बास. टीव्हीची कोअ‍ॅक्स केबल काढून बघा, सगळं एकाच बोर्डवर लावून बघा, आणि भिंतीतल्या बोर्डात तिसऱ्या पिनला मागून वायर जोडलीये की नुसतं भोक आहे ते इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या, बऱ्याच जुन्या घरांत भोकच असतं.

आता सप्लाय खरंच कुठे बोलतो ते सांगतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारा टीपीए३११६ या अ‍ॅम्प चिपचा तयार बोर्ड घेतला आणि घरातला राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावला, तर ८ ओमला जास्तीत जास्त ९ वॉट निघणार, २४ व्होल्ट दिले तर ३६, आणि करंट कमी पडला तर ढोलकीच्या थापेला व्होल्टेज बसतं आणि आवाज फाटतो. इथे पैसे घाला, पण त्यासाठी ब्रँडेड २४ व्होल्ट ५ अ‍ॅम्पियरचा एसएमपीएसच पुरतो. आणि घरी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर गुरगुरतो तो लिनियरचा ट्रान्सफॉर्मर, एसएमपीएस बिचारा आधी सगळं डीसी करून घेतो, त्याला फारसं काही वाटत नाही.

राहिलं "कान खोटं बोलत नाहीत". ठीक आहे, मग घरच्या कोणाला तरी पाठीमागे सप्लाय बदलायला सांगा, कुठला लावलाय ते तुम्हाला न सांगता, आणि व्हॉल्यूमला हात लावू नका. दर वेळी बरोबर ओळखलंत तर मल्टिमीटर काढा आणि गाणं चालू असताना दोन्हींचं व्होल्टेज मोजा, बहुतेक तिथेच काहीतरी सापडेल.